एकसष्ट चिठ्ठ्या

हे मी लिहिणारच नव्हतो. याआधी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा लिहिता लिहिता मी त्यात हिरो झालो. तसं काही झालं नव्हतं, म्हणून पुसलं. आता जसं झालं तसं टाइप करतोय. मधे गिऱ्हाईक आलं की थांबतोय, गेलं की परत बसतोय.

शनिवार होता. सकाळचे सव्वानऊ. विद्यापीठाच्या मागच्या गेटसमोर आमचं दुकान, ‘करोशी टायपिंग अँड बाइंडिंग’. मी तिथं टायपिस्ट. वय बावीस, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. प्रिंटरवर शाहीनआपाच्या पीएच.डी.च्या प्रेझेंटेशनच्या दहा प्रती निघायच्या होत्या. अकरा वाजता तिला समितीसमोर उभं राहायचं होतं.

मी शेवटचं प्रूफ बघत होतो. तक्ता तपासायचा असला की आम्ही खालून वर वाचतो. वरून वाचलं की डोळा अर्थाच्या मागं धावतो आणि चूक सुटते. खालून वाचलं की नुसता आकडा दिसतो. करोशीकाकांनी शिकवलेलं.

चौथ्या प्रकरणातला तक्ता, शेवटची ओळ. ट्रिप्टोफॅन, ०.६.

मागं परिशिष्टात तोच तक्ता होता, आपाच्या मूळ मोजणीचा. शेवटची ओळ. ट्रिप्टोफॅन, ०.८.

असेल, म्हटलं. दशांश इकडचा तिकडं झाला असेल.

एक ओळ वर. मिथिओनीन. प्रकरणात ०.८. परिशिष्टात २.३.

मी दोन्ही पानं शेजारी धरली.

लायसीन. प्रकरणात २.३, परिशिष्टात ८.४. सिस्टीन. प्रकरणात ४.४ आणि परिशिष्टात शून्य पॉइंट सहा.

इथं थोडं मागं जातो, नाहीतर कळायचं नाही.

शाहीन मुजावर मिरजेची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी तिला आपा म्हणायचो, पण होती ती मैत्रीणच. पहिल्यांदा दुकानात आली ती कसलासा रिपोर्ट टाइप करायला. मी टाइप करता करता विचारलं, “मॅडम, हे ‘निवड’ नेमकं कोण करतं?” ती हसायला लागली. म्हणाली, “अहो, याच्यावरच तर माझं आणि माझ्या गाइडचं भांडण चालू आहे.”

दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि बाइंडिंगच्या कातरणाचे कागद मागितले. एकसष्ट तुकडे केले. खळीचा रिकामा डबा घेतला.

“हे बघ मगदूम,” म्हणाली. तोवर ‘अहो’वरून ‘अरे’वर आली होती. “आपल्या अंगातली सगळी प्रोटीनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. वीस प्रकारचे मणी, आणि त्यांच्या माळा. कुठला मणी ओवायचा ते डीएनएत तीन-तीन अक्षरांच्या कोडनं लिहिलेलं असतं. असे कोड एकसष्ट. पण वाटणी सारखी नाही. ल्युसीनला सहा कोड, सिस्टीनला दोन, बिचाऱ्या ट्रिप्टोफॅनला एकच.”

तिनं चिठ्ठ्यांवर नावं लिहिली. सहांवर ल्युसीन, दोनांवर सिस्टीन, एकीवर ट्रिप्टोफॅन. अशी वीस नावं, एकसष्ट चिठ्ठ्या.

“आता डबा हलवून डोळे मिटून चिठ्ठी काढ. नाव लिही, परत टाक, परत काढ. ल्युसीन भरपूर येणार, ट्रिप्टोफॅन क्वचित. खऱ्या प्रोटीनमधलं प्रमाण या डब्यासारखंच निघालं, तर समजायचं की सगळा चान्सचा खेळ आहे. नाही निघालं, तर कुणीतरी चिठ्ठ्या निवडतंय.”

“कोण?”

“कुणी माणूस नाही रे. माळ उपयोगी पडली तर जंतू जगतो, नाही पडली तर मरतो. जगला त्याची माळ पुढं जाते. हीच निवड.”

करोशीकाका मागून म्हणाले, “काय गं, लकी ड्रॉ काढताय का दुकानात? पहिलं बक्षीस मिक्सर का?”

तिच्या अभ्यासातला जंतू कोकणातल्या एका गरम पाण्याच्या कुंडातला. तिच्या गाइड हुपरीकर मॅडमचं म्हणणं, तसल्या कढत पाण्यात जगायचं तर मणी निवडूनच घ्यावे लागतात, तिथं चान्स चालत नाही. आपाचं म्हणणं, लोक उगाच सगळीकडं निवड बघतात, आधी डबा काय म्हणतो ते तरी तपासा. मॅडम म्हणाल्या, “आकडे आण. मग बोलू.”

रजिस्ट्रेशनपासून धरलं तर आकडे आणायला तिला सहा वर्षं लागली. शेवटची मोजणी हातात आली तेव्हा रजिस्ट्रेशन संपायला तीन महिने होते. तिसरी मुदतवाढ चालू होती, चौथी मिळत नाही. इतकी प्रकरणं लिहायची राहिली होती की तिनं मोजणी माझ्याकडं दिली. तोवर मी मोबाईलवर बघून बघून एक्सेल शिकलो होतो, थोडं प्रोग्रामिंगही. दुसऱ्यांचे थिसिस टाइप करून अर्धं जीवशास्त्र डोक्यात गेलं होतं.

“डबा काय म्हणतो आणि मोजणी काय म्हणते, दोन्ही शेजारी लाव,” म्हणाली. “किती जुळतं तो आकडा काढ. एक आला म्हणजे हुबेहूब. शून्य आला म्हणजे काही संबंध नाही.”

मी लावलं. चौकोनात ठिपके इकडंतिकडं सांडल्यासारखे दिसत होते. मला ते बघवेना. दोन-तीन वर्षं मी लोकांचे तक्ते नीटनेटके करून देत आलो होतो. डब्याचा कॉलम मोठ्याकडून लहानाकडं लावला, छान दिसला. मोजणीचाही लावला. मधे एक्सेलनं काहीतरी विचारलं. ते नेहमीच काहीतरी विचारतं, मी न वाचता दाबलं. ठिपके सरळ रांगेत आले. जुळणी शून्य पॉइंट त्र्याण्णव.

मी तिला फोन केला. “आपा, चान्स जिंकला!”

पळत आली. स्क्रीनकडं बघत राहिली. मग म्हणाली, “नक्की ना मगदूम?”

“नक्की. दोनदा केलं.”

एकदाच केलं होतं.

त्या दिवशी तिनं सगळ्या दुकानाला चहा पाजला. पहिल्या पानावर माझं नाव घालणार म्हणाली. तोवर माझं नाव थिसिसमध्ये एकाच जागी यायचं, ऋणनिर्देशाच्या तळाशी. ‘सुबक टंकलेखनाबद्दल श्री. मगदूम यांचे आभार.’ या वेळी पहिल्या पानावर येणार होतं. गणन साहाय्य, सुदर्शन मगदूम.

आता परत शनिवार, सव्वानऊ.

मी ती जुनी फाईल उघडली आणि बघितल्या बघितल्या कळलं. एक्सेल विचारत होतं, बाजूचे कॉलमही सोबत हलवू का? मी नको म्हटलं होतं. नावं जागेवर राहिली आणि आकडे आपले आपले घसरून दुसऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले.

वर्गातल्या वीस पोरांचे गणिताचे मार्क उतरत्या क्रमानं लावा. मराठीचे मार्क वेगळे लावा, तेही उतरत्या क्रमानं. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि म्हणा, बघा, गणितात पहिला तोच मराठीत पहिला! कुठल्याही वर्गाला जुळेल. गाढवांच्या वर्गालाही जुळेल. मी नेमकं तेच केलं होतं.

नावांसमोर खरे आकडे लावून परत काढलं. शून्य पॉइंट त्रेपन्न.

परत काढलं. त्रेपन्न.

तिसऱ्यांदा पण त्रेपन्न.

“काय झालं रे?” काकांनी विचारलं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी थिसिसवर सोनेरी अक्षरं उमटवत होते. “तोंड का असं पडलंय?”

मी सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि दाराकडं बघितलं.

“तिला सांगितलंस?”

“नाही अजून.”

“मग सांगू नकोस.”

“काका...”

“ऐक लेका. दीड तासात काय करणार ती? प्रकरण बदलणार? त्या मॅडम आधीच तिच्या विरुद्ध. आज नाही म्हणाल्या तर एकतीस तारखेला खेळ खल्लास. सहा वर्षं गेली पोरीची. घरच्यांनी लग्नाचा तगादा लावलाय तो वेगळाच. डिग्री हातात पडू दे. मग सावकाश सांग, दुरुस्त करील कुठंतरी.”

“मागं परिशिष्टात खरे आकडे आहेत. कुणी ताडून बघितलं तर?”

काकांनी माझ्या कीबोर्डकडं बघितलं, आणि परत सोनेरी अक्षरांकडं वळले.

ते ‘बदल’ असं म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर बरेच दिवस मी मनात त्यांच्यावर ढकलत होतो.

परिशिष्ट ब. वीस आकडे. मी प्रकरणातला तक्ता शेजारी उघडला आणि वरून खाली टाइप करत आलो. आर्जिनीन १०.०. ल्युसीन ९.१. सेरीन ८.४. हात नेहमीच्या वेगानं चालत होता, तेच विचित्र वाटलं. चुकीचे आकडे टाइप करताना हात जड व्हायला पाहिजे ना? नाही होत. सिस्टीन ४.४. ट्रिप्टोफॅन ०.६. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग सवयीनं खालून वर तपासलं. एकही चूक नव्हती.

दहा प्रती मारल्या.

दहा वीसला आपा आली. निळा सलवार-कमीज, केस घट्ट बांधलेले, हातात लॅपटॉपची बॅग.

“झाल्या?”

“झाल्या.”

एक प्रत उचलून तिनं पहिलं पान बघितलं. माझ्या नावावर बोट ठेवलं. “दिसतंय का शेठ? जरा मोठ्या अक्षरात टाकायचं होतंस.”

“आपा,” मी म्हटलं. “समजा, एखादा आकडा चुकीचा निघाला तर?”

“तर काय! मिरजेला जाते, अम्मीनं बघितलेल्या त्या टाइल्सवाल्याशी निकाह करते, जन्मभर फरशा मोजते.” हसली. मग हसायची थांबली. “का रे? काही आहे का?”

काकांचा हात थांबलेला मला दिसत होता.

“नाही. सहज.”

“घाबरवू नकोस. रात्रभर मला सिस्टीन खटकत होतं. साडेचार टक्के जरा जास्तच वाटतं या तापमानाला. मी म्हटलं, उठून मूळ मोजणी बघावी. मग म्हटलं, मगदूमनं दोनदा केलंय. झोपले.”

प्रती पिशवीत भरल्या. “चल, तू पण ये. तुझंही आहे हे.”

मी गेलो. नाही म्हणायला कारण पाहिजे होतं आणि जे होतं ते सांगता येत नव्हतं.

विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये चौदा-पंधरा माणसं. पुढं समिती. तिच्यात हुपरीकर मॅडम, करड्या केसांच्या, सुती साडी, समोर एक जुनी वही. कडा झिजलेल्या, पानं पिवळी. आपा मागं एकदा म्हणाली होती, मॅडम तीस वर्षं त्याच वहीतून शिकवतात, नवीन काही कळलं की मार्जिनमध्ये लिहितात.

मी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलो. पडद्यावर पहिलं पान. माझं नाव एवढं मोठं मी कधी बघितलं नव्हतं.

आपा चांगली बोलली. फार चांगली बोलली. खळीचा डबा सोबत आणला होता, समितीतल्या एका सरांना चिठ्ठी काढायला लावली. ल्युसीन निघालं, सगळे हसले. मग ठिपक्यांची ती सरळ रांग पडद्यावर आली.

“शून्य पॉइंट त्र्याण्णव,” ती म्हणाली. “म्हणजे या जंतूच्या प्रोटीनमध्ये कुठलं अमिनो आम्ल किती असावं, हे जवळजवळ सगळं एकट्या चान्सनं सांगता येतं. निवडीला फारसं काम उरत नाही.”

हुपरीकर मॅडमनी हात वर केला. “शाहीन, तक्ता दाखव जरा. सिस्टीन.”

“हो मॅडम. चार पॉइंट चार.”

“इतकं? अगं, उष्णतेत सगळ्यात आधी बिघडतं त्यातलं एक म्हणजे सिस्टीन. गरम पाण्यातले जंतू ते टाळतात असं आपण शिकवतो.”

“मलाही आश्चर्य वाटलं, मॅडम. पण मोजणी अशीच आहे. परिशिष्ट ब, कृपया.”

पानं उलटल्याचा आवाज. दहा प्रती, दहा परिशिष्टं. मी बुटाच्या लेसकडं बघत होतो.

“चार पॉइंट चार,” मॅडम हळूच म्हणाल्या. “इथंही तेच आहे.”

आता त्या भांडतील असं मला वाटलं. मनातल्या मनात मी म्हणतही होतो, भांडा मॅडम. नवीन मोजणी मागा. तिला परत पाठवा. काहीही करा.

त्या भांडल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. मग ती जुनी वही उघडली, पानं चाळली, एका पानावर थांबल्या.

“तीस वर्षं मी वर्गात उलटं सांगत आले,” म्हणाल्या. “हरकत नाही. आकडे असे असतील तर माझं चुकलं.”

आणि पेनाचं टोपण काढून त्यांनी त्या पानावर एक आडवी रेघ मारली.

मी उठून उभा राहिलो. धैर्य वगैरे म्हणून नाही. ती रेघ बघून बसवेनाच.

“मॅडम, खोडू नका ते.”

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. कुणीतरी विचारलं, “हे कोण?”

“टायपिस्ट,” मी म्हटलं.

समितीतले एक सर चिडले. “अहो, हे काय चाललंय? बाहेर जा तुम्ही.”

“थांबा,” हुपरीकर मॅडम म्हणाल्या. “बोलू दे त्याला.”

पण मी मॅडमकडं बघून बोलू शकलो नाही आणि आपाकडं बघून तर अजिबात नाही. पडद्यावरच्या ठिपक्यांकडं बघून म्हटलं, “हे आकडे चुकलेत. दोन्ही कॉलम मी वेगवेगळे लावले. ज्याचा आकडा त्याच्यासमोर नाही.”

आपाचा आवाज आला. अगदी साधा, दुकानात विचारायची तसा. “खरं सिस्टीन किती?”

“शून्य पॉइंट सहा.”

“जुळणी?”

“शून्य पॉइंट त्रेपन्न.”

“परिशिष्टात चार पॉइंट चार आहे.”

“ते मी बदललं.”

“कधी?”

“आज सकाळी.”

“मी दुकानात यायच्या आधी?”

“आधी.”

“म्हणजे दोन महिन्यांपूर्वी चुकून,” ती म्हणाली, “आणि आज मुद्दाम.”

“हो.”

मग तिनं प्रोजेक्टर बंद केला. पडद्यावरचं सगळं गेलं. पडदा वर सरकवला, मागं काळा फळा होता. लॅपटॉपमधली स्वतःची मूळ मोजणी काढली आणि खडू घेतला.

“दहा मिनिटं द्या मला,” समितीला म्हणाली.

तिनं वीस नावं लिहिली. प्रत्येकासमोर डब्याचा आकडा, त्याच्यासमोर मोजणीचा. खडू दोनदा तुटला. ल्युसीन दहाच्या जवळ, जुळत होतं. अलानीन, ग्लायसीन, तेही जवळपास. मग ग्लुटामेट, डब्यापेक्षा पावणेतीन पट. लायसीन अडीच पट. सिस्टीन डब्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. जी नावं चुकत होती त्यांच्याभोवती ती गोल करत गेली.

“मी जे सांगितलं ते चूक आहे,” ती फळ्याकडं बघतच म्हणाली. “डब्यावरून काहींचं कळतं. यांचं कळत नाही. आणि ही बरीचशी उष्णतेत महत्त्वाची असलेलीच आहेत. म्हणजे मॅडम म्हणत होत्या ते...”

हुपरीकर मॅडम उठून फळ्याजवळ गेल्या. एकेका गोलावर बोट ठेवत गेल्या.

“मी म्हणत होते तेही पुरतं सिद्ध होत नाही यातून,” म्हणाल्या. “तुझ्या डब्यात सगळ्या चिठ्ठ्या सारख्या आहेत. पण या जंतूच्या डीएनएत चारही अक्षरं सारखी कुठं असतात? एखादं अक्षर नुसत्या चान्सनंच जास्त असेल. त्याचा हिशेब घालून नवा डबा कर. मग जे उरेल, त्याला मी निवड म्हणेन. त्याच्या आधी नाही.”

परत येऊन वही उघडली. मारलेल्या रेघेशेजारी मार्जिनमध्ये काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही.

समितीनं आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. अर्ध्या तासानं आपाला आत बोलावलं. प्रेझेंटेशन नामंजूर. परिशिष्टाबद्दल लेखी खुलासा मागितला. पण मॅडमनी स्वतःच्या सहीनं खास बाब म्हणून तीन महिने मागून घ्यायचं ठरवलं. मिळतील की नाही, कुणाला माहीत नव्हतं.

हे मला शिपायाकडून कळलं. आपा माझ्या समोरून गेली, थांबली नाही. खळीचा डबा हॉलमध्येच राहिला होता. तो घेऊन मी दुकानात आलो.

काका म्हणाले, “सांगितलंस?”

“सगळ्यांसमोर.”

“गाढवा,” ते म्हणाले. “सांगायचंच होतं तर साडेनऊला सांगायचंस. तिला एकटीला.”

मी खळीचा डबा काउंटरवर ठेवला.

खुलाशाचं पत्र मी स्वतः लिहून विभागात दिलं. त्यात टाइप केलं, परिशिष्ट ब मी बदलले, संशोधक विद्यार्थिनीस याची कल्पना नव्हती. खाली नाव घातलं, सही केली. सुबक टंकलेखन.

नंतर तीन महिने आपा दुकानात आली नाही. मुदत मिळाल्याचं कानावर आलं. टायपिंगला ती कुणाकडं जात होती कुणास ठाऊक, पुढच्या गेटला दोन दुकानं आहेत. मी एकदा फोन केला, तिनं उचलला नाही. परत केला नाही.

दुपारी दुकान रिकामं असलं की मी डबा घ्यायचो. हलवायचो, एक चिठ्ठी काढायची, नाव वहीत लिहायचं, परत टाकायची. का करत होतो सांगता येणार नाही. एक्सेलला ते दोन सेकंदांत जमतं. पण मला हातानं करायचं होतं. एखादी चिठ्ठी खाली पडली की ती धरायची नाही, परत काढायची, असा नियमही केला होता. काका बघून न बघितल्यासारखं करायचे. एकदाच म्हणाले, “मिक्सर लागला का?”

नव्वदाव्या की एक्क्याण्णवाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, आपा दारात उभी. हातात कागदांचा जाड गठ्ठा. वाळली होती. काकांना सलाम केला. माझ्याकडं बघून गठ्ठा काउंटरवर ठेवला.

“चौथं प्रकरण. नवीन. सोमवारपर्यंत पाहिजे.”

“करतो.”

“नवा डबा केला. अक्षरांचा हिशेब घातला. जुळणी वाढली, पण थोडीच. सिस्टीन, लायसीन, ग्लुटामेट अजून बाहेरच आहेत. मॅडम खूश आहेत. मी पण.” जरा थांबली. “म्हणजे खूश नाही. पण खरं आहे.”

मी मान डोलावली.

तिची नजर वहीवर गेली. उघडीच होती. नावांपुढं पाच-पाच रेघांचे जुडगे, पानामागून पानं.

“हे काय?”

“डबा.”

तिनं चार-पाच पानं उलटली. “हातानं? किती वेळा काढलीस?”

“नऊशे चौऱ्याऐंशी.”

“हजार का नाही सांगितलंस? सोळाचा तर फरक.”

“हजार नाहीत अजून.”

ती पहिल्यांदा थोडी हसली. नीट हसली नाही, ओठाचा एक कोपरा फक्त. मग वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

“मगदूम, एक विचारू? खरं सांग. त्या पहिल्या दिवशी, चहा पाजला तेव्हा. दोनदा केलं म्हणालास. किती वेळा केलं होतंस?”

काका आत होते. पंखा चालू होता. मला वाटलं, एवढं सगळं झाल्यावर हे आता कशाला विचारतेय. मग कळलं, तिला एवढंच विचारायचं होतं. परिशिष्टाचं तिला हॉलमध्येच कळलं होतं. हे एक कुणालाच माहीत नव्हतं.

“एकदा,” मी म्हटलं.

तिनं वही माझ्याकडं सरकवली. खुर्ची ओढून बसली आणि डबा पुढ्यात घेतला.

“चल, सोळा राहिल्यात ना? मी काढते, तू लिही.”

“आपा.”

“काय?”

“इथून पुढं एकदा केलं असेल, तर एकदाच सांगीन.”